तालमीबाहेरचा तिसरा पाद

भंडारा रोड स्थानकावरून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस साडेबाराशे किलोमीटरहून अधिक अंतर कापते. आपल्या धानपट्ट्यातील एखादा होतकरू पैलवान या गाडीने तालमीत राहावयास निघतो, तेव्हा निरोप देण्यास जमलेल्या मंडळींत त्याची पत्नी बहुधा सर्वांत मागे उभी असते. गेल्या काही वर्षांत अशा दोन-तीन घरांशी चिकित्सक या नात्याने आमचा संबंध आला. त्यांपैकी एका घराची हकीकत वैद्य बंधुभगिनींपुढे आणि औषधालय चालविणाऱ्या स्नेह्यांपुढे ठेवावीशी वाटते. तीत आमची स्वतःची एक चूक आहे आणि ती लपविण्याजोगी नाही.

तालमीतील वास्तव्य म्हणजे काय, हे प्रथम ध्यानी घ्यावे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मल्लविद्या फोफावली. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावे आजही घेतली जातात. पहाटेच्या अंधारात उठणे, जोर-बैठका, हळद, ताक, तेल मुरविलेल्या लाल मातीतील लढती, मालिश, खुराक, दुपारची झोप आणि सायंकाळी पुन्हा तेच. अलीकडे मॅटवरील सरावाची त्यात भर पडली आहे. आपल्या विदर्भात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून व्यायामशिक्षणाची मोठी परंपरा निर्माण केली. तिचे प्रवर्तक वैद्य आडनावाचे बंधू होते, हा योगायोग आमच्या वाचकांस सुखवील. तथापि मातीतील कुस्तीचे वेड लागलेला तरुण अद्याप कोल्हापूरचीच वाट धरतो.

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे आपली शास्त्रे सांगतात. कपाळी, नाकावर, काखेत घाम येऊ लागला, तोंडाने श्वास घ्यावा लागला, मुख कोरडे पडले, की ती मर्यादा आली असे समजावे. वाग्भटाने बलवान व स्निग्धभोजी माणसालाही शीतकाळ आणि वसंत सोडून इतर ऋतूंत व्यायाम बेतानेच करण्यास सांगितले आहे. तालमीला ऋतू नसतो. पैलवान मर्यादा ओलांडूनच पैलवान होतो, आणि त्याची भरपाई तूप, दूध, बदाम, अभ्यंग व निद्रा यांनी करतो. ही भरपाई पुरविते कोण? बव्हंशी घर.

चरकाचार्यांनी खुड्डाकचतुष्पाद अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याचे गुण म्हणजे उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच. पैलवान रोगी नव्हे, हे खरे. पण वर्षभर शरीर पणाला लावणाऱ्या माणसाच्या बाबतीतही हे चारी पाद लागतात. त्यांतील तिसरा पाद शेकडो कोसांवर, साकोलीकडील एखाद्या खेड्यात, गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करीत असतो. त्या पादाशी कोणी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो.

ती बाई आमच्याकडे प्रथम आली ती श्रावणात, निद्रानाश व कटिशूल घेऊन. यजमान दिवाळीनंतर, मंडईचे दिवस सरताच, तालमीत गेलेले. घरी सासू-सासरे, चार वर्षांचा मुलगा आणि दीड एकर धान. पऱ्हे टाकण्यापासून बांध्यांतील रोवणीपर्यंत सारे तिच्या अंगावर. रोवणीच्या मजुरीची आणि तुपाची सोय एकाच पिशवीतून करावयाची. आम्ही नाडी पाहिली, वातप्रकोप लिहिला, तेल दिले, झोपेसाठी औषध दिले. दुसऱ्या खेपेस ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, झोपेचं औषध राहू द्या. रविवारी फोन येते, तवा काय सांगावं नि काय नाही, येवढं सांगा."

याचे उत्तर आमच्या ग्रंथांत शोधूनही तयार मिळणारे नव्हते. सासऱ्यांचे मत असे, की घरची कोणतीही अडचण पैलवानाच्या कानी जाऊ नये. आम्हीही तेच अनुमोदिले. पुढे मुलाला आठ दिवस ज्वर आला. ती गप्प राहिली, आणि गावच्याच एका माणसाने ही वार्ता तालमीत पोहोचविली. पैलवान दोन दिवस आखाड्यात उतरला नाही. ज्वराहून लपविल्याचे त्याला अधिक लागले. त्यानंतर उभयतांनी ठरविले, की जे घडले ते सांगावयाचे, परंतु त्यावर काय उपाय चालू आहे हेही त्याच वाक्यात सांगावयाचे. ही युक्ती त्यांची, आमची नव्हे.

ब्रह्मचर्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ होत. पैलवानाचा लंगोटाचा नियम हे त्याने स्वतः घेतलेले व्रत आहे. मात्र गावगप्पांत त्याचा अर्थ 'बायकोमुळे पैलवान ढिला पडतो' असा होतो. मुलाला घेऊन एकदा कोल्हापूरला जाऊन यावे, असे तिच्या मनात असूनही या बोलण्यामुळे ती वर्षभर गेली नाही. शास्त्रकारांनी संयम सांगितला, भार्येला दोष दिला नाही. हे आपण चिकित्सकांनी सासूसासऱ्यांसमोर मोठ्याने सांगावयास हवे. आम्ही ते सांगितले, पण फार उशिरा.

आता आमची चूक. दर महिन्यास ती खुराकाचे पार्सल पाठवी: तूप, बदाम, तिळाचे लाडू, जवसाची चटणी. स्पर्धेस महिना उरला असता यजमानांचा गुडघा व कंबर दुखू लागली. तिने आमच्याकडून औषध मागितले. आम्ही नित्याप्रमाणे महानारायण तेल व विषतिंदुक वटीच्या दोन डब्या दिल्या. दोन दिवसांनी ती डब्या घेऊन परत आली. तालमीत उत्तेजकांसंबंधी सूचना वाचून दाखविली होती, असे यजमानांनी फोनवर सांगितले होते. तिने विचारले, "हे खेळाच्या तपासणीत चालते का?"

आम्ही यादी काढून पाहिली आणि खजील झालो. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, ते निःशेष होत नाही. अग्नितुंडी वटी व नवजीवन रस यांतही कुचला आहेच. सोमलतेत इफेड्रिन असते. मूत्रात ते मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास स्पर्धेत दोष ठरतो. भांगेचे कल्प, मग ते जातीफलादी चूर्ण असो वा मदनानंद मोदक, त्याच वर्गात येतात. आखाड्यातील भांगयुक्त थंडाईचीही तीच गत. आपल्याकडे राष्ट्रीय संस्था (नाडा) २००५ पासून आहे आणि २०२२ मध्ये कायदाही झाला. शरीरात जे आढळेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते; वैद्याने दिले, पत्नीने पाठविले, हे सांगून सुटका होईलच असे नाही. तिने डब्या टपालात टाकल्या असत्या, तर वर्षभराच्या घामावर बंदीचे पाणी पडू शकले असते.

औषधालयाच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. घटकद्रव्यांची पूर्ण यादी नसलेली 'शक्तिवर्धक' चूर्णे व डबे अशा घरांना देऊच नयेत. गिऱ्हाईक रुसले तरी चालेल.

त्या दिवशी आम्ही वटी परत घेतली, तेल ठेवले, आणि गुडघ्याचे निदान फोनवर न करता तालमीजवळच्या अस्थितज्ज्ञाकडे पाठविले. प्रत्येक तेलाच्या बाटलीवर घटक मराठीत लिहून दिले, म्हणजे वस्तादांना वाचता यावेत. तो स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरला आणि दिवाळीला घरी आला. स्थानकावर ती मुलाला कडेवर घेऊन या वेळी पुढे उभी होती, असे सासऱ्यांनी आम्हांस सांगितले. पुढच्या वर्षी पुन्हा जावे की नाही, यावर त्या घरात अद्याप चर्चा चालू आहे. रोवणीचा हिशेब तिने वहीत लिहून ठेवला आहे आणि त्या चर्चेत ती वही मध्ये ठेवलेली असते.