सात वर्षं थांबणारी वाइन

बैरुतच्या उत्तरेला, समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगरावर गझीर नावाचं गाव आहे. १९३० साली तिथल्या अठराव्या शतकातल्या एका गढीत गॅस्टन होशार या विशीतल्या तरुणाने वाइन करायला घेतली. लेबनॉनवर तेव्हा फ्रेंचांचा अंमल होता. गॅस्टन बोर्दोला जाऊन तिथली पद्धत पाहून आले होते, आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या रूपाने गिऱ्हाईकही दाराशीच होतं. द्राक्षबागा मात्र गझीरला नव्हत्या. त्या डोंगररांगेच्या पलीकडे, बेका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर होत्या. बाग डोंगराच्या एका अंगाला आणि वायनरी दुसऱ्या अंगाला. शांततेच्या दिवसांत एवढ्याने फक्त वाहतुकीचा खर्च वाढत होता. पुढे याच अंतराने गॅस्टनच्या या वायनरीची, ‘शातो मुसार’ची, कसोटी पाहिली.

बेकात उन्हाचा तुटवडा नाही, पण उंचीमुळे रात्री गारवा असतो. त्यामुळे द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. वाइनची परंपरा तर या खोऱ्यात इतकी जुनी की बालबेकला रोमनांनी बांधलेलं बाकसचं, म्हणजे मद्यदेवतेचं, भव्य मंदिर आजही उभं आहे. दुसऱ्या महायुद्धात रोनाल्ड बार्टन हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी लेबनॉनमध्ये होते. बोर्दोमधल्या लांगोआ आणि लेओव्हिल बार्टन या द्राक्षमळ्यांचे ते मालक. त्यांची गॅस्टनशी इतकी दाट मैत्री जमली की गॅस्टननी धाकट्या मुलाचं नाव रोनाल्ड ठेवलं.

थोरला सर्ज. १९५९ मध्ये वाइनचं काम हाती घेताना त्याने वडिलांना स्पष्ट सांगितलं की एका पिंपावर दोघांचे हुकूम चालणार नाहीत; मी माझ्या पद्धतीने करीन, तुम्ही बाजूला व्हा. आणि गॅस्टन बाजूला झाले. मुसारच्या इतिहासात मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. चालता धंदा हयातीतच मुलाच्या हाती देऊन त्यात पुन्हा लक्ष न घालणं किती बापांना जमतं? सर्जनी बोर्दो विद्यापीठात एमिल पेनो यांच्यासारख्या गुरूंकडे रीतसर शिक्षण घेतलं, तरी लाल वाइनची घडण मनासारखी बसायला त्यांना १९७७ उजाडलं. धाकटे रोनाल्ड विक्री आणि हिशेब सांभाळत होते.

ती घडण अशी. काबर्ने सोव्हिन्यों, सिन्सो आणि कारिन्यां या तीन जातींची द्राक्षं. प्रत्येकीचा रस सिमेंटच्या टाक्यांत वेगवेगळा आंबवायचा. मग वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत ठेवायचा. त्यानंतर तिन्हींचं मिश्रण करायचं आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बाटल्या भरायच्या. भरलेल्या बाटल्या डोंगराच्या पोटातल्या तळघरात आणखी चार वर्षं आडव्या ठेवायच्या. तोडणीपासून सातव्या वर्षी माल बाजारात. म्हणजे सात हंगामांचं भांडवल कायम तळघरात अडकलेलं!

१९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि ती पंधरा वर्षं चालली. १९७६ साली मुसारची वाइन झालीच नाही. त्यापुढच्या दर हंगामात बागेतून निघालेल्या ट्रकना वेगवेगळ्या गटांच्या नाक्यांवरून, कधी थेट आघाडीच्या रेषा ओलांडून, गझीर गाठावं लागे. १९८४ मध्ये रस्ते बंद झाले आणि ट्रक वाटेतच रखडले. तोडलेली द्राक्षं उन्हात उभी राहिली की काय होतं, हे नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला सांगायला नको. खालचे घड वरच्या वजनाने दबतात, रस सुटतो, आणि सालीवरचं यीस्ट आपलं काम सुरू करतं. गझीरला पोचेपर्यंत माल ट्रकमध्येच आंबायला लागला होता. त्या वर्षीची लाल मुसार नेहमीसारखी बाजारात आली नाही.

त्याच १९८४ साली लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकाने आपला पहिला ‘मॅन ऑफ द इयर’ किताब सर्ज होशार यांना दिला. त्याची वाट १९७९ च्या ब्रिस्टल वाइन मेळाव्यात तयार झाली होती. देशातलं गिऱ्हाईक युद्धाने तोडल्यावर सर्ज बाटल्या घेऊन इंग्लंडला गेले होते. तिथे मायकल ब्रॉडबेंट या नामांकित जाणकाराने १९६७ ची मुसार चाखली आणि मेळाव्यातला मोठा शोध म्हणून तिची वाखाणणी केली. तेव्हापासून ब्रिटन ही मुसारची हक्काची बाजारपेठ झाली.

मुसारबद्दल लिहिताना बहुतेक जण तोफगोळ्यांतच रमतात. युद्धाची गोष्ट खरी आहे, पण नुसत्या सहानुभूतीवर चाळीस-पन्नास वर्षं बाटल्या खपत नाहीत. मला थोर वाटते ती सात वर्षांची शिस्त. उद्या रस्ता उघडा असेल की नाही ठाऊक नसताना, रोकड हवीच असताना, या भावांनी माल कच्चा बाजारात काढला नाही. दुसरी थोर गोष्ट, त्यांनी चव एकसारखी ठेवायचा हट्ट धरला नाही. एखाद्या वर्षीची मुसार बोर्दोच्या वळणावर जाते, तर दुसऱ्या वर्षीची सौम्य, सुगंधी निघते. काहींत तर आंबूस झाक इतकी वर येते की काटेकोर परीक्षक तिला दोष म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण सर्जना ढवळाढवळ नको होती. त्या वर्षीच्या द्राक्षाने जे दिलं ते त्यांनी बाटलीत राहू दिलं. मला त्यांची बाजू पटते.

३१ डिसेंबर २०१४ रोजी मेक्सिकोत पोहताना सर्ज यांचा मृत्यू झाला. वाइन करण्याची जबाबदारी १९९१ पासून त्यांच्यासोबत असलेले तारेक साकर पाहत होतेच. धंद्याची सूत्रं पुढच्या पिढीकडे आली. त्यांतल्या एकाचं नाव आजोबांचंच, गॅस्टन. २०१९ पासून लेबनॉनच्या बँका आणि चलन कोसळलं, २०२० च्या ऑगस्टमध्ये बैरुत बंदर स्फोटाने उद्ध्वस्त झालं, २०२४ मध्ये बेकावर पुन्हा बॉम्ब पडले. सात वर्षांचा नियम या पिढीनेही बदललेला नाही.