गाजलेली कादंबरी आपल्याला भिडत नाही तेव्हा

आज जरा अडचणीचा प्रश्न घेऊ. एखादी कादंबरी घरात सगळ्यांनी वाचलेली असते, आईनं त्यातली वाक्यं वहीत उतरवून ठेवलेली असतात. आपण मोठ्या उत्साहानं ती हातात घेतो आणि शंभराव्या पानावर अडतो. मग वाटतं, आपल्यालाच वाचता येत नाही. किंवा मग, लोकांनी उगाच डोक्यावर घेतली. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' घेऊ. ती १९५९ साली आली. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे मराठीतलं पहिलं ज्ञानपीठही. महाभारतातली कथा म्हणून आपण घटनांची, संघर्षाची वाट पाहतो. मिळतं ते आत्मनिवेदन. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं बोलतात, पण तिघांची भाषा बरीचशी सारखीच: उपमांनी भरलेली, सुभाषितासारखी. देवयानीचा संतापसुद्धा नेटक्या वाक्यांत येतो. मूळ कथेत संजीवनी विद्या मिळवून कच निघून जातो. खांडेकर त्याला परत आणतात आणि संयमाचा विचार त्याच्या तोंडी घालतात. तिथे तो माणूस कमी आणि तत्त्व जास्त वाटतो. ही तक्रार रास्त आहे, ती करायला संकोच नको.

पण इथेच थांबलो तर अर्धंच वाचलं. खांडेकरांना पुराणकथा पुन्हा सांगायची नव्हती. सुखामागे धावणारा, तरीही अतृप्त राहणारा आपल्या काळातला माणूस त्यांना ययातीत दिसत होता. वासना आणि संयम यांबद्दल घरात उघडपणे कुणी बोलत नसे, तेव्हा ही कादंबरी बोलत होती. म्हणजे बघा, ज्या वाक्यांशी आपण अडखळतो, तीच वाक्यं तेव्हाच्या वाचकाला हवी होती. वहीत उतरवता येतील अशी.

म्हणून अपेक्षाभंग झाला की आपण दोन प्रश्न विचारू या. आपण नेमकं कशाची वाट पाहत होतो? आणि आधीच्या वाचकांना यात काय सापडलं? एवढं करूनही पुस्तक आवडलं नाही, तर तसं खुशाल म्हणावं, फक्त कुठल्या पानावर अडलो ते सांगावं.

आईला 'यात एवढं काय आहे?' असं विचारलंत, तर ती गप्प बसेल. त्याऐवजी विचारा, 'हे वाक्य तू केव्हा उतरवलंस गं?' मग ऐकत बसा.