गालिचे, जुने : दुरुस्ती व जतन

हाताने गाठी मारून विणलेल्या जुन्या गालिच्यांची झीज, फाटतूट, कीड, ओल इ. कारणांनी झालेली हानी भरून काढण्याचे व त्यांचे आयुष्य वाढविण्याचे तंत्र. या कामामागे दोन हेतू असू शकतात : गालिच्याचे मूळ रूप शक्य तितके परत आणणे (पुनरुद्धार) आणि तो आहे त्या स्थितीत टिकवून धरणे (जतन). दोहोंची साधने पुष्कळशी समान असली, तरी उद्दिष्टे भिन्न आहेत. विशिष्ट गालिच्याच्या बाबतीत कोणता हेतू प्रधान मानावा, हा या क्षेत्रातील मूलभूत प्रश्न होय.

रचना : गाठींच्या गालिच्याचे तीन घटक असतात. मागावर ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा, त्यांतून आडवे जाणारे धागे म्हणजे बाणा आणि ताण्याच्या सामान्यतः दोन-दोन धाग्यांवर लोकरीच्या किंवा रेशमाच्या सुताने मारलेल्या गाठी. गाठींची मोकळी टोके कातरली, की पृष्ठभागावर लव तयार होते. तुर्की गाठीत सूत दोन्ही धाग्यांना वेढून त्यांच्या मधून वर येते. इराणी गाठीत ते एकाच धाग्याला पूर्ण वेढा घालते. ताणा व बाणा हा गालिच्याचा पाया होय. तो शाबूत असेल, तर झिजलेली लव पुन्हा भरता येते. पायाच नष्ट झाल्यास भोक पडते आणि काम फार अवघड बनते. दोन्ही टोकांच्या दशा केवळ शोभेच्या नसून त्या ताण्याचीच टोके असतात. त्या झिजून गेल्या, की कडेच्या गाठी ओळीओळीने सुटू लागतात.

हानीची कारणे : सततच्या वावराने लव झिजते. कसरीच्या अळ्या व काही भुंगेऱ्यांच्या अळ्या लोकर खातात. काळोखात, फर्निचरखाली किंवा गुंडाळी करून ठेवलेल्या गालिच्यात त्यांचा उपद्रव अधिक होतो. दीर्घकाळच्या ओलीने सुती ताणा कुजून ठिसूळ होतो व घडी घालताच तुटतो. प्रकाशाने रंग फिके पडतात आणि रेशीम जीर्ण होते. काळ्या व गडद तपकिरी छटांसाठी पूर्वी लोहयुक्त रंगबंधक वापरीत. त्यामुळे त्या छटांची लोकर इतरांपूर्वी झडते आणि नक्षीतील काळ्या रेषा खोलगट दिसू लागतात. पूर्वीच्या चुकीच्या दुरुस्त्यांनीही हानी होते. पाठीमागे सरस किंवा रबरी लेप लावणे, विजोड ठिगळे जोडणे आणि उघड्या पडलेल्या पायावर रंग फासणे, हे त्यांतील नेहमीचे प्रकार होत.

तपासणी व स्वच्छता : प्रथम गालिच्याची मोजमापे, गाठींचा प्रकार, त्यांची घनता, सुताचा पीळ व रंग यांची नोंद करून छायाचित्रे घेतात. पाठीची बाजू विशेष लक्षपूर्वक पाहतात, कारण विणीतील फरक व जुन्या दुरुस्त्या तेथे स्पष्ट दिसतात. जुने अस्तरही तपासल्याशिवाय टाकून देत नाहीत. जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयातील उद्यान-नक्षीच्या प्रसिद्ध इराणी गालिच्याचा काळ ठरविण्यास त्याच्या अस्तरावरील १६३२ सालच्या नोंदपट्टीचा मोठा आधार मिळाला. निष्काळजीपणे अस्तर बदलले असते, तर हा पुरावा नाहीसा झाला असता.

धूळ काढण्यासाठी गालिच्यावर जाळी ठेवून मंद शोषणाचे यंत्र फिरवितात. कीड असल्यास गालिचा हवाबंद आवरणात अतिशीत तपमानात काही दिवस ठेवतात किंवा ऑक्सिजनविरहित वातावरणात बंद करतात. धुण्यापूर्वी प्रत्येक रंगाच्या सुतावर ओला पांढरा टीपकागद दाबून रंग सुटतो का, हे पाहतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसृत झालेल्या आरंभीच्या कृत्रिम रंगांपैकी अनेक रंग पाण्यात पसरतात. रंग पक्के असल्यास गालिचा सपाट पसरून मृदू पाणी व सौम्य प्रक्षालक यांनी धुतात आणि सपाट ठेवूनच त्वरेने वाळवितात.

दुरुस्तीची पद्धती : भोक भरताना त्याच्या कडेचे कुजके धागे काढून निरोगी वीण गाठतात व तो भाग चौकटीवर ताणून धरतात. नव्या ताण्याचे धागे सुईने भोकाच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या विणीत काही अंतर आतपर्यंत ओवतात, म्हणजे जोडाचा ताण एकाच रेषेवर येत नाही. नंतर बाणा घालत ओळीओळीने मूळ प्रकारच्याच गाठी मारतात. गाठींची संख्या, लवेचा कल व सुताची जाडी जुळली नाही, तर नक्षी वाकडी होते किंवा भरलेला भाग फुगून येतो. शेवटी थोडी लांब ठेवलेली लव भोवतालच्या उंचीइतकी कातरतात. दर चौ. सेंमी.ला ५० गाठी असलेल्या गालिच्यातील १० सेंमी. लांबी-रुंदीच्या भोकासाठी सु. ५,००० गाठी माराव्या लागतात. यावरून या कामाच्या चिकाटीची कल्पना येते.

रंग जुळविणे हा सर्वांत कठीण भाग होय. मंजिष्ठ, नीळ इ. वनस्पतिज रंगांच्या छटा काळानुसार बदलतात. शिवाय एकाच रंगातही सुताच्या घाण्यागणिक फरक पडून पट्टे दिसतात. त्यामुळे नवीन सूत अनेक छटांत रंगवावे लागते किंवा निकामी झालेल्या जुन्या विणकामातून उसवून घेतात. तुर्कस्तानातील आक्सराय प्रांतातील सुलतानहानी हे गाव या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे.

अर्दबीलचे गालिचे : पुनरुद्धारातील लाभ व हानी यांचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इराणमधील अर्दबीलच्या गालिच्यांची जोडी. ती शेख सफी अल्-दीन यांच्या दर्ग्यातील असल्याचे मानतात. गालिच्यावर हि. स. ९४६ (इ. स. १५३९–४०) हे वर्ष व मक्सूद काशानी हे नाव विणलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दर्ग्याकडून हे गालिचे बाहेर पडले, तेव्हा दोन्ही जीर्ण झाले होते. एकाचे भाग कापून दुसऱ्याची उणीव भरून काढण्यात आली. अशा रीतीने पूर्ण झालेला सु. १०·५ × ५·३ मी. आकाराचा गालिचा विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून लंडनच्या संग्रहालयाने (आताचे व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयम) १८९३ मध्ये २,००० पौंडांना घेतला. दुसरा आखूड झालेला, मूळ काठ गमावलेला गालिचा जे. पॉल गेटी याने १९५३ मध्ये दिलेल्या देणगीने लॉस अँजेल्सच्या संग्रहालयात गेला. पहिल्या गालिच्याचे आजचे पूर्णत्व दुसऱ्याच्या अपूर्णत्वातून आलेले आहे. लंडनचा गालिचा २००६ पासून काचेच्या मोठ्या पेटीत जमिनीलगत सपाट मांडलेला असून, रंग टिकावेत म्हणून त्यावर मर्यादित वेळच प्रकाश सोडतात.

आधुनिक दृष्टिकोन : एका गालिच्याचा बळी देऊन दुसरा पूर्ण करणे आज संग्रहालयांना मान्य नाही. भरलेली प्रत्येक गाठ नक्षीतील उणीव भरते, परंतु त्याचबरोबर गालिच्याच्या इतिहासाची एक खूणही झाकते. भरलेला भाग ओळखू येईनासा झाला, तर पुढील अभ्यासकाची दिशाभूल होते आणि विक्रीत ग्राहकाची फसवणूकही होऊ शकते. म्हणून संग्रहालयांत शक्य तितका कमी हस्तक्षेप करतात. कमकुवत भागाच्या मागे जुळत्या रंगाचे कापड ठेवून तो बारीक टाक्यांनी धरून ठेवतात. हे टाके पुढे इजा न होता काढता येतात आणि केलेल्या कामाची लेखी नोंद राहते. १९४९ मध्ये अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे बर्फात सापडलेल्या, सु. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गालिच्याचे मोल त्याच्या मूळ गाठींतच आहे. तेथे नव्या गाठी घालणे म्हणजे पुरावा दूषित करणे ठरेल. याउलट घरात वापरावयाच्या गालिच्याचे भोक न भरल्यास ते पायाखाली वाढतच जाते. तेथे मूळ तंत्राने केलेली दुरुस्ती हेच जतन होय.

मोठी दुरुस्ती टाळण्याचा मार्ग नित्य निगेत आहे. गालिच्याखाली गादीसारखा थर घालणे, ठरावीक काळाने त्याची दिशा बदलणे, फर्निचरखालील भागही नियमितपणे उघडून साफ करणे, उन्हापासून व ओलीपासून त्याचे रक्षण करणे आणि साठविताना घडी न घालता नळीवर गुंडाळणे, हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. कडेची सुटलेली एक ओळ वेळीच टाके घालून थांबविली, तर पुढे हाताएवढे भोक भरण्याची पाळी येत नाही.