किल्ली घेण्याआधी मीटर

भाड्याच्या फ्लॅटचा करार हल्ली घरबसल्या होतो. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो. मालक आणि भाडेकरू आळीपाळीने अंगठा लावतात, फोटो निघतो आणि काही दिवसांत 'लिव्ह अँड लायसन्स'ची नोंदणीकृत प्रत हातात येते. असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. कराराच्या शेवटी सामानाची यादी असते. पंखे किती, ट्यूबलाइट किती, गीझर किती, सगळं मोजून लिहिलेलं. विजेबद्दल मात्र एवढंच असतं की वीज आणि गॅसचं बिल भाडेकरूने भरायचं. कोणत्या आकड्यापासून पुढचं, हे बहुतेक करारांत कुठेच नसतं.

मी पुण्यात बरीच वर्षं भाड्याच्या घरांत काढली. त्यामुळे नात्यातलं कुणी घर बदलत असलं की मला सोबत नेतात. परवा भाचीने वाकडला फ्लॅट घेतला, तेव्हाही गेले. माझा आग्रह ठरलेला असतो: किल्ली ताब्यात घेण्याआधी लाइटचं आणि गॅसचं मीटर बघायचं, आकडे लिहून घ्यायचे, आणि ते मालकाकडून मान्य करून घ्यायचे. डिपॉझिटच्या रकमेइतकंच हे महत्त्वाचं आहे, कारण लाइट बिल माणसाच्या मागे जात नाही, ते घराला चिकटून राहतं.

हे नीट समजून घेतलं पाहिजे. वीजजोडणी मालकाच्या नावावर असते. आधीचा भाडेकरू बिल न भरता निघून गेला, तरी महावितरणच्या दृष्टीने ग्राहक तोच आणि घरही तेच. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस निघते मालकाच्या नावाने आणि अंधारात बसतो तो त्या दिवशी घरात राहणारा. घर विकत घेणाऱ्यालाही हे चुकत नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे जुन्या रहिवाशाची थकबाकी त्या जागेवरचा बोजा ठरते. नवा मालक वारस नसेल, तर त्याच्यावरची जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीपुरती असते. नियमांच्या आधारे जुनी थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये मान्य केलं. भाडेकरू मालक नसतो, पण लाइट गेली की हा फरक त्याच्या काही कामाचा नसतो.

म्हणून आधी शेवटचं बिल मागायचं. भाचीच्या मालकांनी ते लगेच पाठवलं. बिलावर पहिल्यांदा बघायचा तो बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि त्याच्याजवळचा बिलिंग युनिटचा क्रमांक. ग्राहक क्रमांक हाताशी असला की महावितरणच्या ॲपवर बिल बघता येतं, भरताही येतं. त्यासाठी जोडणी आपल्या नावावर करण्याची गरज नाही. मग मीटर क्रमांक, मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि थकबाकीचा रकाना. गेल्या महिन्यांच्या वापराचा आलेखही बिलावर असतो. तो बघितला की घर कधी रिकामं होतं, उन्हाळ्यात एसी किती चालला, आपल्याला अंदाजे किती बिल येईल, हे कळतं.

थकबाकी शून्य दिसली म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. घराला कुलूप असलं किंवा मीटरपर्यंत पोचता आलं नाही, तर रीडिंगशिवाय सरासरी बिल निघतं. काही महिने असं चाललं की बिल वेळेवर भरलेलं दिसतं, पण वापरलेली जास्तीची युनिटं मीटरमध्ये तशीच साठलेली असतात. पुढे खरं रीडिंग घेतलं जातं तेव्हा ती सगळी एकदम बिलात येतात, आणि तोपर्यंत घरात आपण आलेलो असतो. बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचा आजचा आकडा शेजारी ठेवले की ही गोष्ट उघडी पडते. मधल्या दिवसांच्या मानाने फरक फार मोठा असेल, तर तिथेच थांबून मालकांशी बोलायचं.

पण त्यासाठी आपलं मीटर कोणतं, हे आधी पक्कं हवं. वाकडच्या त्या सोसायटीत मीटर रूम पार्किंगच्या कोपऱ्यात आहे. वॉचमनकाकांनी कुलूप काढून दिलं. आत दोन भिंती भरून मीटरं, प्रत्येकाखाली रंगाने लिहिलेला फ्लॅट नंबर. एजंटने आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर रीडिंगचा फोटो पाठवला होता, भाचीच्या फ्लॅटचा नंबर ज्या मीटरखाली होता त्याचा. मी बिल उघडून मीटरवरचा क्रमांक ताडून बघितला, तर जुळेना. बिलावरचा क्रमांक होता त्याच्या शेजारच्या मीटरवर. रंगाचे आकडे इमारत उभी राहताना टाकलेले असतात. पुढे मीटरं बदलली, जागा हलल्या, तरी आकडे तसेच राहतात.

अशा वेळी खात्री करायचा सोपा उपाय आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो. मीटरच्या तोंडावर '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असा काहीसा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, एक युनिट संपेपर्यंत दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. भाची वर फ्लॅटमध्ये गेली, मी खाली दोन्ही मीटरांसमोर फोन कानाला लावून उभी राहिले.

"मावशी, मेन बंद केला."

रंगाने आमचा नंबर लिहिलेल्या मीटरचा दिवा तसाच चालू होता. शेजारच्या मीटरचा थांबला.

"आता मेन चालू कर, बाकी सगळं बंद ठेव आणि फक्त गीझर लाव."

शेजारचा दिवा एकदम भरभर लुकलुकायला लागला. गीझर दोन हजार वॉटचा होता. म्हणजे तासाला दोन युनिट, ६४०० लुकलुकी, मिनिटाला शंभराच्या वर. एवढा वेग दुसऱ्या कशाने येणार नव्हता. बिलावरचा क्रमांक आणि प्रत्यक्षातली वायर, दोन्ही एकाच मीटरकडे बोट दाखवत होते. एजंटच्या फोटोतला आकडा शेजाऱ्यांचा होता. तोच करारात गेला असता, तर पहिल्याच बिलाला वाद झाला असता आणि दोन्ही बाजूंनी माणसं प्रामाणिक असूनही कुणाला तो सोडवता आला नसता. क्रमांक जुळतो पण दिवा दुसऱ्याच मीटरचा थांबतो, असं आढळलं तर मात्र वायरींची अदलाबदल झालेली असते. तेव्हा मालकांना सांगून रीतसर तक्रारच करावी लागते. मीटरच्या सीलला कुणीही हात लावायचा नाही, खासगी इलेक्ट्रिशियननेही नाही.

मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात: तारीख, वेळ, कमाल मागणी. आपल्याला हवा तो फक्त 'केडब्ल्यूएच'पुढचा. तो दिसेपर्यंत थांबून, मीटर क्रमांकासकट फोटो घ्यायचा. भाचीच्या मीटरवर आकडा होता ८५३९. शेवटच्या बिलातलं चालू रीडिंग ८४१२. म्हणजे मधली १२७ युनिटं आधीच्या भाडेकरूची. फोटो मालक, आधीचा भाडेकरू आणि एजंट यांच्या ग्रुपवर टाकला आणि तिघांकडून 'मान्य' असं उत्तर घेतलं.

पुढचं बिल ८५९० च्या रीडिंगवर आलं. एकूण १७८ युनिटं: १२७ त्यांची, ५१ भाचीची. इथे एक पेच असतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याच्या जवळजवळ दुप्पट. भाची एकटीच असती तर तिची सगळी युनिटं स्वस्त टप्प्यात बसली असती. आधीचा भाडेकरूही म्हणू शकतो की पहिली शंभर माझीच होती. अशा वेळी सगळ्यांना पटणारा मार्ग म्हणजे स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क यांसकट बिलाची पूर्ण रक्कम युनिटांच्या प्रमाणात वाटायची. ५१ भागिले १७८, म्हणजे साधारण २९ टक्के भाचीचे, बाकी त्यांचे. आकडा तिघांनी आधीच मान्य केलेला असल्याने एका मेसेजमध्ये विषय मिटला.

आणखी एक बिल भाडेकरूंना गोंधळात टाकतं, ते अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं. घरातला वापर वाढला की महावितरणकडे जमा असलेली ठेव कमी पडते आणि फरकाचं वेगळं बिल येतं. ही ठेव ग्राहकाच्या, म्हणजे मालकाच्या नावावर जमा राहते, तिच्यावर व्याजही मिळतं. भाडेकरूने ती भरली तर घर सोडताना त्याला ती महावितरणकडून मिळत नाही. म्हणून ती मालकाने भरायची, हे करारात लिहून घ्यावं.

बिलाचे एसएमएस बहुधा मालकाच्या मोबाइलवर जातात. मालक दुसऱ्या गावी किंवा परदेशात असतील, तर भाडेकरूला देय तारीख कळत नाही आणि उशीर झाला की विलंब आकार लागतो. त्यामुळे ग्राहक क्रमांक टाकून दर महिन्याला आपणच बिल बघायची सवय लावावी. 'मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री लाइट कापू, या नंबरवर फोन करा' अशा खोट्या मेसेजला नवा भाडेकरू लवकर फसतो, कारण खात्याची खरी स्थिती त्याला ठाऊक नसते. असा मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन न करता ॲपवर थकबाकी बघावी किंवा १९१२ वर विचारावं.

गॅसचं काम त्या मानाने छोटं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पाइपचा गॅस महाराष्ट्र नॅचरल गॅसचा. मीटर बहुतेक स्वयंपाकघरातच असतं, त्यामुळे ओळखायचा प्रश्न येत नाही. फक्त काळे आकडे वाचायचे, लाल आकडे घनमीटरचे अपूर्णांक दाखवतात. शेगडीकडे मात्र लक्ष हवं. सिलिंडरवरच्या शेगडीचं जेट बारीक असतं, पाइपच्या गॅसला मोठं लागतं. सिलिंडरची शेगडी पाइपला जोडली तर आच मंद राहते. पाइपची शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते, आणि ते धोक्याचं आहे. म्हणून जेट जाणकाराकडून बदलून घ्यायचं. आधीच्या भाडेकरूने 'राहू दे' म्हणून ठेवलेला सिलिंडर घेऊ नये, कारण ते कनेक्शन त्याच्या नावावर असतं.

हे सगळं करारात दोन ओळींत मावतं: अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या वीज मीटरचं रीडिंग इतकं आणि गॅस मीटरचं इतकं, त्याआधीचा वापर आणि थकबाकी मालकाकडे, नंतरचा वापर भाडेकरूकडे, अतिरिक्त सुरक्षा ठेव मालकाकडे. मालकाचाही यात फायदा आहे. जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट परत करताना किती कापायचं, हे त्याला नेमकं कळतं.

घर सोडतानाही हेच उलट क्रमाने करायचं. निघायच्या दिवशी दोन्ही मीटरांचे फोटो, नव्या भाडेकरूला ग्राहक क्रमांक, आपल्या वाट्याची रक्कम चुकती, आणि फोनमधल्या ॲपवर लावलेलं ऑटो-पे बंद. नाहीतर पुढच्या माणसाचं बिल आपल्याच खात्यातून जात राहतं. एवढं केलेलं असलं की मालकाकडे डिपॉझिट मागताना मान वर करून बोलता येतं.