खोकल्यातून रक्त पडले म्हणजे टीबीच, असे नाही

घरात कोणाच्या खोकल्यातून रक्त पडले की सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळते. शेजारीपाजारी कुजबुजू लागतात. ताट-वाटी वेगळी होते. अशा वेळी टीबीची तपासणी आधी व्हायलाच हवी. पण कधी कधी थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, महिनोन् महिने औषध घेऊनही खोकला हटत नाही. अशा एखाद्या रोग्याच्या फुप्फुसात जंतूऐवजी कृमी घर करून बसलेला असू शकतो. त्याचीच ओळख आज आम्ही करून देणार आहोत.

या कृमींना डॉक्टर ‘फ्ल्यूक’ म्हणतात. बहुतेक फ्ल्यूक पानासारखे चपटे असतात, म्हणून मराठीत ‘पर्णाभ कृमी’. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना काळजातला फ्ल्यूक माहीत असतो. माणसाच्या अंगात ते जिथे राहतात, त्यावरून त्यांचे चार गट पडतात : रक्तातले, काळजातले, आतड्यातले आणि फुप्फुसातले. चौघांनाही वाढण्यासाठी आधी गोगलगाय लागते. तिथून रक्तातला फ्ल्यूक पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतूनच आत शिरतो. बाकीचे तोंडावाटे जातात : कच्च्या मासळीतून, पाणवनस्पतींतून, कच्च्या शिंगाड्यातून किंवा गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून.

मग ओळखायचे कसे? कृमी आत दडलेला असतो, पण त्याची अंडी बाहेर पडतात. प्रत्येकाचे अंडे वेगळे, आणि ते शोधायची जागाही वेगळी. लघवीतून रक्त जात असेल तर सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळातली लघवी तपासतात, कारण तेव्हा अंडी जास्त पडतात. त्या अंड्याच्या टोकाला काटा असतो. काटा बाजूला असेल तर तो दुसऱ्या जातीचा कृमी, आणि ते अंडे शौचात सापडते. काळजातल्या व आतड्यातल्या फ्ल्यूकची अंडीही शौचातच मिळतात.

हे सारे परदेशातले, असे समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी लघवीतून रक्त जाण्याचा हाच रोग डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी 1952 साली उजेडात आणला होता.

फुप्फुसातल्या फ्ल्यूकचे रोगी आपल्या देशात मुख्यतः मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेश या भागांत आढळले आहेत. तिथे कित्येकांना आधी टीबीचेच रोगी समजले गेले. खोकला तोच, रक्त तेच, एक्स-रेवरचा डागही तसाच. त्यात आणखी एक अडचण आहे. टीबीच्या तपासणीसाठी थुंकी ज्या रीतीने रंगवतात, त्यात या कृमीची अंडी नष्ट होतात. म्हणून न रंगवलेली ताजी थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. रोगी थुंकी गिळतो, म्हणून शौचही तपासावे लागते. अंडे सोनेरी तपकिरी, एका टोकाला झाकण असलेले. ते दिसले की निदान पक्के. मग प्राझिक्वान्टेल हे औषध थोडेच दिवस घ्यावे लागते.

आता स्वयंपाकघरातले. सर्दी-पडशाला खेकड्याचा रस्सा आमच्याही घरी होतो. नांग्या वाटून, गाळून रस काढतो. तो रस चांगला उकळला की भीती नाही. पण कच्चा रस चाखू नये, औषध म्हणून पोरांना पाजू नये. पाटा-वरवंटा, चाळणी आणि हात धुतल्याशिवाय कोशिंबिरीला हात लावू नये. कृमीची पिल्ले तिथेही चिकटतात.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे वाचून कोणीही टीबीची औषधे आपल्या मनाने बंद करू नका. औषध घेऊनही उतार नसेल, तर अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका. पुन्हा दवाखान्यात जा आणि न लाजता सांगा, “डॉक्टरसाहेब, आम्ही नदीचे खेकडे खाल्ले होते.” तेवढ्या एका वाक्याने तपासणीला योग्य दिशा मिळू शकते.