सायलेन्सर झाले, आता चिमट्याकडे बघा

ओळीने मांडलेले सायलेन्सर आणि त्यांच्यावरून फिरणारा रोडरोलर हा फोटो दर काही महिन्यांनी छापून येतो. मॉडिफाइड बाइकवरच्या ताज्या कारवाईतही तोच होता. कानठळ्या बसवणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. पण बाइकमधला सर्वांत धोक्याचा बदल आवाज करत नाही, म्हणून तो कुणी बघतही नाही. जुन्या बुलेटचे दोन शॉकअप काढायचे, चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) लांबवायचा, मधोमध एक मोनोशॉक बसवायचा, की झाली ‘कस्टम’. हे काम घराच्या पार्किंगमध्येही होतं.

असं काम करणारा हौशी मला गुन्हेगार वाटत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसचा बिल डेव्हिस असाच एक हौशी होता. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर आणि हार्लेवर जीव टाकणारा. मागे सस्पेन्शन नसलेल्या जुन्या बाइकची, सीटपासून चाकापर्यंत सरळ उतरणारी रेषा त्याला हवी होती, मात्र हाडं खिळखिळी करून घ्यायची नव्हती. १९७०च्या दशकाच्या मध्यात त्याने आपल्याच १९७२च्या सुपर ग्लाइडवर प्रयोग केला. चिमट्याला जुन्या चेसीच्या त्रिकोणाचा आकार दिला आणि शॉकअप सीटखाली दडवले. १९८२मध्ये हार्लेने त्याचे हक्क विकत घेतले आणि १९८४च्या मॉडेलमध्ये ‘सॉफ्टेल’ अवतरली. तिच्यात शॉकअप गिअरबॉक्सखाली आडवे होते. चाक वर उचललं गेलं, की चिमट्याचं पिव्होटखालचं टोक मागे सरकतं. त्यामुळे तिथले शॉकअप दबत नाहीत, ताणले जातात. नेहमीचे शॉकअप त्या जागी चाललेच नसते. डेव्हिसचं खरं कर्तृत्व हेच, की त्याने देखण्या रेषेइतकाच चाकाकडून येणाऱ्या धक्क्याच्या वाटेचाही विचार केला.

आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत नेमका हाच विचार सुटतो. समजा, एक्सलजवळचा शॉकअप चिमट्याच्या मध्यावर आणला. आता चाक १०० मिलिमीटर उचललं, तर शॉकअप साधारण ५० मिलिमीटरच दबेल. तेवढं दबून स्प्रिंग जो जोर लावेल, त्याचाही निम्माच चाकापर्यंत पोचेल. म्हणजे चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा एक चतुर्थांश उरला. पहिल्याइतका हवा असेल, तर चौपट कडक स्प्रिंग लागते आणि डॅम्पिंगही त्याच प्रमाणात वाढवावं लागतं. नुसता कोन बदलला तरी फरक पडतो. उभा शॉकअप ४५ अंशांत कलता केला, की कडकपणा निम्म्यावर येतो. ‘अमक्या बाइकचा मोनोशॉक मस्त बसतो’ म्हणणारा मेकॅनिक बोल्ट बसतात एवढंच सांगत असतो.

त्याहून गंभीर प्रश्न चेसीचा आहे. मध्यावरच्या शॉकअपवर चाकावरच्या भाराच्या दुप्पट जोर येतो. पूर्वी मागच्या दोन पाइपांत विभागला जाणारा धक्का आता सीटखालच्या किंवा टाकीखालच्या एकाच पाइपवर बसतो. कंपनीने तो पाइप या कामासाठी बनवलेलाच नसतो. त्यावर आधारपट्टी न देता नुसती क्लिप वेल्ड केली, की वेल्डच्या कडेला बारीक भेग पडते आणि रंगाखाली वाढत जाते. बाहेरून वेल्ड कितीही सुबक दिसो, भेग शोधायला डाय पेनिट्रंट चाचणीच हवी. रंग खरवडून लाल द्रव लावायचा, थोड्या वेळाने पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेग असेल तिथे लाल रेघ उमटते.

स्प्रिंग तपासायला मीटर टेप पुरते. चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग चालवणाऱ्याने बाइकवर बसावं, दुसऱ्याने ती सरळ धरावी, तिसऱ्याने पुन्हा मोजावं. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के हवा. तो फारच जास्त भरला, तर मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आपटणार. बाइक मागून उंच केली असेल, तर पुढचा फोर्क जास्त उभा होतो, ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून पुढच्या चाकाच्या टेकण्यापर्यंतचं अंतर) घटते आणि वेगात हँडल थरथरू शकतं. पुढचा स्प्रॉकेट, पिव्होट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. तिची ढील तिथेच तपासायची.

कायद्याचं म्हणणं स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई करतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नियम कडक असावेत, पण नुसत्या मनाईने हौस थांबत नाही. ती लपून चालते, आणि लपून केलेलं वेल्डिंग कुणी तपासत नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक मोटरसायकल तपासून मान्यता देण्याची सरकारी पद्धत आहे. पुण्यात वाहनांची चाचणी करणारी एआरएआयसारखी संस्था असताना आपल्याकडेही अशी खिडकी उघडता येईल, आणि परिवहन खात्याने ती उघडावी.

तोवर असा बदल केलेली बाइक खासगी जागेत, ट्रॅकवर किंवा प्रदर्शनातच ठेवा. तिथेही वेल्डची चाचणी झाल्याशिवाय मागच्या सीटवर कुणालाही बसवू नका.