घोडं आणि आपण – लेखांक सातवा : टापेखालची जमीन

लोणंद सोडून माउलींची पालखी तरडगावच्या वाटेला लागली की चांदोबाचा लिंब इथं वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. दोन घोडे धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, तो माउलींचा. घोडे पुढे गेले की माणसं खाली वाकतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. हे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. बेळगाव जिल्ह्यातून निघून मिरज, सांगली, कराड, सातारा करत ते तीनशे किलोमीटरच्या वर चालतात तेव्हा कुठं आळंदी येते; पंढरपूर त्यापुढं. माती कपाळाला लावणाऱ्या हजारो हातांपैकी एखादा तरी ती टाप उचलून बघत असेल का, असा चावट प्रश्न मला दरवर्षी पडतो. बघण्यासारखं तिथं पुष्कळ आहे.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आणि टाप म्हणजे त्या मधल्या बोटाचं नख. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला पत्री मारताना एका पायाला दोन तुकडे लागतात. घोड्याला एक नाल पुरते. वजनाचा मोठा वाटा, शंभरातले साठेक भाग, पुढच्या दोन पायांवर. हे नख महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. पुढची कड वरपासून खालपर्यंत नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष जातं. त्यामुळं जनावर गेल्या वर्षभरात आजारी पडलं होतं का, त्याची वैरण एकदम बदलली होती का, हे टापेवरच्या आडव्या वळ्यांवरून जाणत्याला कळतं. विकणाऱ्यानं काही का सांगेना!

टाप उलटी करून पाहा. तळव्यात टाचेकडून पुढं निमुळता होत गेलेला, रबरासारखा एक त्रिकोण दिसेल. त्याला पुतळी म्हणतात. पाय जमिनीवर टेकला की टाप टाचेकडं किंचित फाकते, पुतळी दबते आणि पायातलं रक्त वर ढकललं जातं. पाय उचलला की पुन्हा खाली येतं. म्हणजे टापेला पोसायचं तर चालणं हवं. लग्नसराई संपल्यावर चार महिने ठाणावर बांधून ठेवलेल्या घोडीची टाप चांगल्या खुराकानंही सुधारत नाही, ती यामुळं.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ती शिकायला साताऱ्यासारखा जिल्हा नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माणात, म्हसवडकडं, जेमतेम पाचशे. खाली सांगली जिल्ह्यात आटपाडी-जतची तऱ्हा माणासारखीच. टाप पाणी शोषते. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांना फिरवणारं घोडं पावसाळाभर लिदीच्या चिखलात उभं राहिलं तर तळवा मऊ पडतो, पुतळीच्या खाचेत काळी, कुजकट वासाची घाण धरते. फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जो जंतू इथं असतो, त्याचाच मेंढरांच्या खूर सडण्यातही हात असतो. दिवाळीनंतर कोकणात उतरलेला धनगरांचा वाडा पावसाच्या आधी घाट चढून माघारी येतो, त्यामागं मेंढरांना ओल मानवत नाही हे मोठं कारण आहे. त्या वाड्याचं बिऱ्हाड पाठीवर वाहतात ती भीमथडीची तट्टं. राज्यगीतात त्यांचं नाव आहे; करनालच्या राष्ट्रीय संस्थेकडं स्वतंत्र जात म्हणून नोंद मात्र आत्ता कुठं झाली. खडकाळ माळावर रोज मैलोगणती चालून टाप झिजते तेवढीच वाढते, आणि कोरडी, टणक राहते. तिथं कानशीचं काम जमीनच करते.

हे शहाणपण नवं नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक घोडेस्वारानं लिहून ठेवलंय की तबेल्याच्या अंगणात चार-पाच गाड्या गोल धोंडे पसरा आणि घोड्याला त्यावर उभं करा. ग्रीकांच्या घोड्यांना नाल नव्हती. अलीकडं अमेरिकेत जेमी जॅक्सन या नालबंदानं १९८० च्या दशकात रानघोड्यांच्या टापा अभ्यासल्या आणि बिननालीचा पंथच निघाला. त्यातल्या कट्टर मंडळींशी माझं जमत नाही. आपल्याकडं नाल हा चैनीचा विषय कधीच नव्हता. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद असे, असं सभासद बखर सांगते. पुढं मोहिमेआधी शिलेदाराला जी आगाऊ रक्कम मिळे, तिचं नावच नालबंदी. डांबरावर रोज ओझं ओढणाऱ्या घोड्याची टाप वाढते त्याहून जास्त झिजते. त्याला नाल हवीच.

तक्रार नालेबद्दल नाही, ती तशीच ठेवण्याबद्दल आहे. नाल झिजली नाही म्हणून चार-चार महिने न काढणारे मालक मी पाहिलेत. नाल झिजत नसेल, पण तिच्या वर नख वाढतच असतं. पुढचं टोक लांबतं, टाच खाली बसते, ताण मागच्या शिरेवर जातो. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, टाप छाटून पुन्हा बसवायलाच हवी. खिळा टापेच्या भिंतीच्या निर्जीव भागातूनच जावा. जिवाला लागला तर घोडं त्याच दिवशी लंगडतं.

शेवटी सांगलीकरांसाठी एक, कारण उसाच्या पट्ट्यात माया गोड असते. भरमसाट खुराक, गुळाचे खडे, पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत एकदम पोटात गेलं की आतडी बिघडतात आणि त्याचा घाव टापेत निघतो. आतलं हाड ज्या पापुद्र्यांनी भिंतीला धरलेलं असतं ते सुजतात. वेळेत थांबवलं नाही तर हाड फिरतं, खाली उतरतं. घोडं पुढचे पाय लांब टाकून, मागं रेलून उभं राहतं. टापेवर हात ठेवा. गरम लागली तर खुराक बंद, चालवणं बंद, पायाखाली मऊ वाळू, आणि लगेच जनावरांचा डॉक्टर. साताऱ्याच्या बाजूला असाल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणू नका.

पुढच्या आठवड्यात : दात, आणि बाजारात वय चोरण्याच्या युक्त्या.